मरियमने मला पुढे बोलावलं

गुरुवार, संध्याकाळ. अल ऐन, यूएई

आज मरियमचं प्रेझेंटेशन झालं. वाळूत टोमॅटो पिकवायचा तिचा वर्षभराचा प्रोजेक्ट. मी कॉलेजच्या माती-लॅबमधली टेक्निशियन, म्हणून शेवटच्या रांगेत बसले होते. प्रोफेसरांनी विचारलं, "पहिली रोपं जळाली, त्याचं कारण कसं सापडलं?" तर ही पोरगी सरळ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पाण्यात क्षार जास्त आहेत हे माझ्या टीचरनी शोधलं. मॅडम, यल्ला, पुढे या!"

टाळ्या पडल्या. गेले पुढे. आणि बोलले काय, तर "आय ॲम ओन्ली टेक्निशियन." का म्हणाले मी तसं? ते पाणी मीच तपासलं होतं ना? पंधरा वर्षं याच लॅबमध्ये काढली, मग 'ओन्ली' कशाला?

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. म्हणाले, "एवढंसं शहर हे. बेकरीत गेलो तरी चार मुली तुला 'मॅडम' म्हणून हाक मारतात. तुला एकटीलाच पटत नाही."

खरंच आहे. ऊर भरून आला, तो अजून तसाच आहे.

सोमवारी नवीन मुली येतील. पहिल्याच दिवशी सांगणार आहे, माती मी शिकवते.