सासऱ्यांची जीप, माझे टायर

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद हवीच.
सासऱ्यांना मोतीबिंदूमुळे गाडी चालवणं जमेना, म्हणून त्यांची जुनी जीप गेल्या महिन्यात आमच्याकडे आली. देताना ‘सांभाळा’ एवढंच म्हणाले. सांभाळणे म्हणजे सुधारणे, असा मी अर्थ घेतला. काल जेवताना साडू (मोठ्या मेहुणीचा नवरा, कोऱ्या करकरीत गाडीचा मालक) सगळ्यांसमोर म्हणाला, तुमची जीप भाजी आणायला उत्तम. एक मार्चला त्याच्या क्लबची टेकडीवर गाड्या चढवायची मोहीम आहे. मी तिथल्या तिथे नाव दिलं.
फक्त टायर मोठे घालायचे. अठ्ठावीसचे बत्तीस इंची. बाकी कशाला हात लावायचा नाही. हा नियम.

५ फेब्रुवारी, सकाळ
माप घेतलं. टायर दोन इंच वर सरकणार, मडगार्डापर्यंत जागा चांगली पाच इंच. गणित सरळ आहे. बायकोने विचारलं, आणि चाक वळवल्यावर? नगररचना कार्यालयात सोळा वर्षं नकाशे काढतोय, मोजमाप मला शिकवू नकोस, असं तिला सुनावलं. मनात.

९ फेब्रुवारी
टायर बसले. काय रुबाब! शेजारचे वकील गॅलरीत येऊन बघत राहिले. (नंतर कळलं, त्यांची गाडी अडली होती.) सरळ रस्त्यावर जीप लोण्यासारखी पळते. वळताना मात्र खर्रर्र. डावीकडे जास्त. तूर्त उजवीकडेच वळायचं ठरवलं. ऑफिसला पोचायला पाऊण तास जास्त लागला. परत येणं त्याहून अवघड गेलं.

१२ फेब्रुवारी
गॅरेजवाला मिस्त्री जीपभोवती दोनदा फिरला. म्हणाला, “साहेब, पायापेक्षा बूट मोठा घेतलात. बूट बदला.” मी म्हणालो, पाय वाढवा. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. कौतुकाने असावं.

१६ फेब्रुवारी
स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून जीप चार इंच उचलली. नियम मोडलेला नाही. पाटे टायरचाच भाग धरायचे. आता वळताना घासत नाही. फक्त खड्ड्यात घासतं. खड्डे टाळून चालवायचं. टेकडीच्या वाटेवर बहुधा नसतीलच.

१९ फेब्रुवारी
वाटेवर खड्डे आहेत. चौकशी केली.
मडगार्डं कापली. रेघ मी स्वतः मारली. डावं बोटभर जास्त कापलं गेलं. ग्राइंडर मिस्त्रीच्या हातात होता, हे नमूद करतो. दाराखालची पायरीही टायरच्या आड येत होती, काढून टाकली. कापलेले पत्रे बायको उचलून आत घेऊन गेली. बोलली नाही. म्हणजे पटलं.
सासऱ्यांचा फोन. जीप कशी आहे? मजेत आहे म्हणालो.

२२ फेब्रुवारी
उड्डाणपूल चढवेना. मिस्त्री म्हणतो, मोठं चाक ओढताना इंजिनाला धाप लागते, आतले गिअर बदलावे लागतील. पहिल्या गिअरमध्ये चढलो. मागे गाड्यांची ही रांग, सगळे हॉर्न वाजवून दाद देत होते. एक सायकलवाला पुढे गेला. त्याचं वजन कमी होतं.

२६ फेब्रुवारी
सासऱ्यांचं ऑपरेशन अठ्ठावीसला. एक मार्चला सकाळी घरी सोडणार. त्यांनी एकच मागितलं, की घरी माझ्या जीपमधून न्या. बायको म्हणाली, अहो, आपण रिक्षा सांगू. मी म्हणालो, जावई असताना रिक्षा? सकाळी हॉस्पिटल, दुपारी टेकडी. प्लॅन सुबक आहे.

१ मार्च, दुपार
सासरे बायकोचा हात धरून बाहेर आले. एका डोळ्यावर पांढरी पट्टी. जीपपाशी येऊन सवयीने पाय उचलला. पायरी नव्हती. पाय हवेतच राहिला. पुन्हा उचलला. नर्सने स्टूल आणलं. त्यावर उभं राहूनही सीट लांबच. डॉक्टरांची ताकीद होती, जोर करायचा नाही. आधारासाठी त्यांनी मडगार्डाकडे हात नेला आणि तो कापलेल्या कडेवर पडला. तिथेच चाचपत राहिले.
“इथे पत्रा होता,” म्हणाले. “ही लहान असताना माझी वाट बघत इथे बसायची.”
मी सांगितलं, बाबा, चढाईसाठी ते करावं लागतं. बायको दुसरीकडे बघत होती.
साडूला फोन गेला. मी केला नाही. तो क्लबची रांग सोडून आला, आपल्या गाडीचं दार उघडलं, सासऱ्यांना हात देऊन अलगद बसवलं. मला टोचून एक शब्द बोलला नाही. हे त्याने मुद्दाम केलं.
मी मागोमाग निघालो. हॉस्पिटलच्या फाटकापाशी थोडा चढ आहे. तिथे जीप बंद पडली.

३ मार्च
बायकोबरोबर सासऱ्यांना भेटायला गेलो. बसने. ओरडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. चहा झाल्यावर म्हणाले, “जावईबापू, त्या टेकडीवर असतं काय?”
विचार केला. मी कधी गेलेलोच नाही. म्हणालो, वरून छान दिसतं, म्हणतात.
“मग पट्टी निघाली की मलाही न्या,” म्हणाले. “सावकाश, चालत जाऊ.”
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
उतरताना जिन्यात बायको म्हणाली, अहो, तुम्हाला तेवढं तरी चालवेल ना?
उद्यापासून सराव.