बावीस रिळं

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

मागचं पत्र खुशालीचं होतं, हे रागाचं आहे, बसून वाच. तुमच्या कागद गिरणीकडे मी बावीस रिळं मागितली, आली अकरा. हे लागोपाठ तिसऱ्यांदा, आणि भाव दर खेपेला वर. त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या खोकेवाल्याकडे टेम्पो आला. तोच तो, ज्याच्या खोक्यांची झाकणं कधी धड बसत नाहीत म्हणून मी त्याला झाकण्या म्हणतो. ताडपत्री चारी बाजूंनी आवळलेली. मागची चाकं किती दबली होती ते मी वाकून पाहिलं. अकरा रिळांनी चाक तेवढं दबत नाही.

मी सातवीपुढे शाळेत गेलो नाही, पण बाजारात काय चाललंय ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. बूटवाला, साबणवाला, दिवेवाला, सगळ्यांचा माल माझ्याच खोक्यांतून जातो. यंदा एकजात सगळ्यांना जास्त खोकी हवीत. कारखान्यांत जादा पाळ्या, म्हणून कामगारांच्या हातात पैसा. ते बूट घेतात, दिवे घेतात, की पुन्हा जादा पाळ्या. इथवर सरळ आहे. मग कागदच नेमका अडतो कुठे? मागणीची पत्रं तुझ्या टेबलावरून जातात. मेहुणे गिरणीचे पंप दुरुस्त करायला मागच्या दाराने आत-बाहेर करतात. दोघांपैकी एकाला तरी ठाऊक असणारच. तुझी वहिनी म्हणते, असं लिहू नये. मी लिहिलं.

लोभ अजून तरी पूर्ण वजनाचा आहे.

दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, दादांनी चाकाखाली फूटपट्टी धरली नाही हेच नशीब.

कागद कुणी अडवत नाही रे. गेल्या वर्षी मशीन एकच पाळी चालायचं. मागणी वाढली तशी मालकांनी दुसरी पाळी लावली, मग तिसरी. कागद जास्त निघाला आणि भाव होता तिथेच राहिला. आता मशीन दिवसरात्र चालतंय, त्यातून आणखी कागद निघणार कुठून? मागणारे मात्र वाढतच आहेत. कागद वाढेना, म्हणून भाव वाढतो. जो जेवढं मागेल त्याला त्याच्या निम्मं, असं मालकांनी ठरवलंय. तुलाही निम्मं, तुझ्या झाकण्यालाही.

आता आमची बातमी. मालक दुसरं मशीन आणताहेत आणि त्यावर मुख्य म्हणून यांना बोलावलंय. पंपदुरुस्तीचं दुकान सोडावं लागेल. जागेला गिऱ्हाईक टपलेलंच आहे. महिनाअखेर किल्ली दिली की ती परत मिळायची नाही. हे खूश आहेत. आरशासमोर उभं राहून पाळी वाटायचा सराव चाललाय.

मला एकच खुपतंय. तुम्हा सगळ्या खोकेवाल्यांच्या मागण्यांची मी बेरीज केली. एवढी खोकी खपायची तर लोकांना हातांतही बूट घालावे लागतील. म्हणून विचारते, तुला खरोखर किती रिळं लागतात?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

हा प्रश्न तुझा की तुमच्या मालकांचा? अक्षर तुझं आहे, पण वास मला तिकडचा येतो. समज, मी खरा आकडा कळवला. मालक सवयीने त्याच्या निम्मं पाठवणार, आणि झाकण्या पूर्वीसारखाच फुगवून मागणार. माझी यंत्रं बंद, गिऱ्हाईक त्याच्या दारात. एवढं न कळण्याइतका मी भोळा नाही. बावीस लागतात. बावीसच लिही.

इथे एक चमत्कारिक गोष्ट पाहतोय. साबणवाल्याने बोटभर लहान खोकं मागितलं. किंमत तीच ठेवायची आहे, साबण कमी करायचाय. बूटवाला म्हणाला, लोक दुकानात येतात, भाव विचारतात आणि जुन्यालाच टाके घालून घेतात. चार दिवसांचं असेल.

राग मानू नकोस. मानलास तर कळव.

दादा

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. मधल्या खोलीत कागदाची रिळं खिडकीच्या वर गेलीत. दिवसा दिवा लावून भाजी चिरते. तरी हे म्हणतात, कागद पुरत नाही. - वहिनी

ता. २२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

वहिनीच्या चार ओळी मी तुझ्या दोन परिच्छेदांपेक्षा जास्त वेळा वाचल्या.

माझ्या टेबलावर अशा सहा जणांची पत्रं आहेत. सहाही घरी दिवसा दिवा लावत असतील, तर दुसरं मशीन कुणासाठी बसतंय? खोल्या भरल्या की तुम्ही सगळे एकदम हात आखडणार. मग भाव उतरेल, पाळ्या बंद होतील, आणि सगळ्यात आधी नवं मशीन थांबेल. त्यावरचा माणूस घरी बसेल. दुकान तोवर दुसऱ्याचं झालेलं असेल.

यांना मी काही बोलले नाही. तुझा आकडा आल्याशिवाय काय बोलू? किल्ली अठ्ठावीसला द्यायची आहे. मालकांना कळवायचं की नाही ते तू ठरव. मला मात्र खरं कळव.

वाट पाहणारी,
धाकटी

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र मिळाल्यावर आधी झाकण्याकडे गेलो. तुला फसवायचं म्हटलं तरी त्याचा साठा पाहिल्याशिवाय मला चैन पडली नसती. तो दार उघडेना. मग उघडलं. आत रिळांच्या थप्पीवर गादी घातलेली. त्याची म्हातारी आई शिडीने चढून निजते. मला पाहून तोच उलटा बोलला. म्हणे, तुझी बहीण गिरणीत आहे, तुला चोरून जादा कागद मिळतो, म्हणून मलाही दुप्पट मागावा लागतो. मी कशासाठी दुप्पट मागत होतो ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला कळलं असावं, कारण त्याने चहा मागवला.

मला नऊ लागतात. पूर्वी अकरा लागत, आता बूटवाला मंदावला म्हणून नऊ. गिरणीलाही आजच नऊ कळवलेत. भाव चढेल म्हणून आधी जादा घेतलेला साठा जेमतेम महिनाभर पुरेल. पुढे निम्म्यावर भागवायचं म्हणजे एक यंत्र झाकून ठेवावं लागेल, ते मी जाणून आहे.

मेहुण्यांना सांग, किल्ली खिशातून काढू नका.

दादा

ता. २० एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझा आकडा वाचून मालकांनी विचारलं होतं, पुढचा एक अंक लिहायचा राहिला का? नाही म्हटल्यावर पाच पाठवा म्हणाले. रीळ अर्धं कापता येत नाही म्हणून पाच. तुझा संशय खरा होता. तरी तू कळवलंस.

यांनी मालकांना नाही कळवलं आणि चार दिवस माझ्याशी अबोला धरला. त्या जागी दुसऱ्या गावाहून एक जण आला. गेल्या पंधरवड्यात मागण्या अशा आटल्या की माझ्या टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. भाव खाली आले, तिसरी पाळी बंद झाली. नव्या मशीनवर गोणपाट घातलंय. तो माणूस परवा यांच्या दुकानात काम विचारायला आला होता. नवे पंप कुणी घेत नाही, जुनेच दुरुस्तीला येतात, म्हणून यांनी त्याला ठेवून घेतलं. आता आरशासमोर कुणी उभं राहत नाही.

मागण्या आटेपर्यंत तू पाच रिळांवर कसं भागवलंस ते मात्र कळवलं नाहीस.

तुझी धाकटी

ता. २७ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आधी घरचा साठा संपवला, मग उरलेली चार दर खेपेला झाकण्याने दिली, जुन्या भावात. म्हणाला, आईला शिडी झेपत नाही. मधली खोली मोकळी झाली. तुझी वहिनी उजेडात भाजी चिरते आणि आता ऊन येतं म्हणून तक्रार करते.

पहिली चार आली तेव्हा मी काट्यावर घालून तोलली. वजन बरोबर भरलं. काटा त्याच्याकडूनच आणला होता, म्हणून दुसरीकडून आणून पुन्हा तोलली. तरी बरोबरच.

हे त्याला कळवायची गरज नाही.

दादा