आधी पाणी

मंगळवार, संध्याकाळ. बावडा.

आज बारामतीच्या इंग्रजीच्या क्लासात मी कस्टम्स ऑफिसर झाले आणि सर विमानातून उतरलेले प्रवासी. त्यांना थांबवून चौकशी करायची होती. मी पहिलंच म्हटलं, "बसा, पाणी घ्या." इंग्रजीतच म्हटलं की! तरी सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "अगं, पाहुणे आलेत का? पासपोर्ट माग."

एवढं हसण्यासारखं काय होतं? आमच्या मळ्यात डाळिंबाचा व्यापारी आला तरी आबा आधी पाणीच देतात. म्हणतात, "ज्याला पाणी प्यायला येळ न्हाय, त्याचा वजनकाटा तपासून घ्यायचा."

परीक्षेत पासपोर्टच मागेन. पण एकदा खरीच कस्टम्सची वर्दी अंगावर चढू दे, मग आधी पाणीच विचारणार. आणि जो नको म्हणेल, त्याची बॅग मी स्वतः उघडणार.