उरलेली उंची

बाबा, तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी, संध्याकाळी, तुमची स्कूटर खाली येऊन थांबली. बरकतपुऱ्याच्या आपल्या त्या भाड्याच्या पोर्शनमध्ये, पहिल्या मजल्यावर, आई कणीक मळत होती. फाटकाची कडी वाजली, इंजिन खोकल्यासारखं झालं आणि बंद पडलं. आईनं पिठाचे हात न धुताच चहाचं आधण ठेवलं. "यायलेत बघ," म्हणाली. मी जिना उतरून गेले. स्कूटर होती तिथेच होती, आम्ही तिच्यावर टाकलेल्या जुन्या चादरीसकट. इंजिनला तळवा लावून पाहिला. गार. मला हायसं वाटलं आणि फसवल्यासारखंही वाटलं. वर येऊन मी आईला म्हटलं, शेजारचे असतील. तिनं तुमचा कप मांडलेला होता.

तुमचं काम काय हे घरात कधी धड कुणी बोललं नाही. सरकारी प्रयोगशाळेत बसून, उडवलेली वस्तू कुठे जाऊन पडेल याचं गणित तुम्ही करायचात, एवढंच आम्हाला माहीत. कोठी भागातल्या कॉलेजात आम्हाला तो धडा लागला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात माझं गणित तुमच्यापुढे टाकलं. लांबचा पल्ला काढला होता, इथून पार समुद्रापर्यंतचा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "आणि जमीन?" मी म्हटलं, सपाट धरलीय, पुस्तकात तसंच आहे. "ढेकूळ फेकणाऱ्याला चालते सपाट, बेटा. एवढ्या लांब नाही चालत. तू वस्तू पाडलीस खरी, पण पाडलीस तिथं जमीनच नाही. ती केव्हाच वाकून खाली गेली." नव्यानं आलेली सगळी पोरं हीच चूक करतात म्हणालात. पुस्तकाप्रमाणे सगळं संपलेलं असतं आणि वस्तू अजून हवेतच असते. त्या क्षणी ती जमिनीपासून जेवढी वर असते, त्या अंतराला तुम्ही उरलेली उंची म्हणत होता. "आणि खाली म्हणजे तरी कुठं? इथलं खाली वेगळं, तिथलं वेगळं." माझ्या अंगावर काटा आला, पण मी तोंड वाकडं करून दाखवलं, कारण मला पैकीच्या पैकी हवे होते.

मग माझी समजूत काढायला तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात. पोळपाटावरून एक चिंचोका टिचकीनं उडवलात, तो पुढे पोळपाटावरच टक् करून पडला. मग आईची मोठी कढई ओट्यावर उपडी घालून तिच्या फुगवट्यावरून दुसरा उडवलात. आपण दोघं कान देऊन उभे राहतो. तो आवाज येतच नाही. मी ओट्याखाली वाकून बघते, डबे सरकवते. "बाबा, तो पडलाच नाही." तुम्ही खिडकीकडे बघत म्हणता, "पडतोय." आणि हसत नाही. तेवढ्यात आई येते, काजळी लागलेला ओटा पाहून तुमची खरडपट्टी काढते, आणि तुम्ही शहाण्या मुलासारखे ओटा पुसायला लागता. तो चिंचोका दिवाळीच्या साफसफाईतही सापडला नाही.

ती वर्षं मोठी घाईची होती. रोज शहरात काहीतरी नवं यायचं. केबल आली, परदेशी थंड पेयं आली, मला नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. तुम्ही मात्र एका दुपारी ऑफिसच्या खुर्चीतच गेलात. वर्ष व्हायच्या आत घरमालक जागा सोडा म्हणत दारात उभा राहिला. "खाली करना पडता बाईजी, मैं क्या करूं? बिल्डर रोज आ रा." मी शहराच्या पार टोकाला फ्लॅट घ्यायचं ठरवलं, पण आई हलेना. रोज संध्याकाळी तिला स्कूटरचा तो आवाज यायचा, रोज दोन कप चहा व्हायचा. "आपण गेल्यावर ते इथं आले, तर त्यांना सांगणार कोण?" एकीकडे सामान रस्त्यावर यायची वेळ, दुसरीकडे तिचा चेहरा. शेवटी मी तुमचं गणित काढलं. म्हटलं, आई, ते इथं नाही उतरायचे. हिशेबानं इथं संपायला हवं होतं, पण जमीन पुढे गेलेली असते, पल्ला वाढतो. तिनं तुमचा कप बाजूला सरकवला. "किती वाढतो?" "ते बाबांनाच सांगता आलं असतं." तिनं गॅस बंद केला. "मग पुढंच जाऊ."

तुम्ही रागावला असता की हसला असता, मला अजून ठरवता येत नाही. स्कूटर आम्ही निघण्याआधीच भंगारात दिली होती. नव्या घरात आईला तो आवाज कधीच आला नाही. ती एकच कप करायला लागली, गाढ झोपायला लागली, आणि बऱ्याच वर्षांनी शांतपणे गेली. मला वाटलं, झालं, सगळे सुटलो.

आता आवाज मला येतो. चौथ्या मजल्यावर राहते मी, बाबा. इंजिन खाली नाही, माझ्या दाराबाहेर खोकतं, मग बंद पडतं. मग चपला काढल्याचा आवाज, एक, दुसरी. घंटी वाजत नाही. तुम्ही ती कधी वाजवत नव्हता. आईच चाहूल ओळखून दार उघडायची. ती असती तर तिनं उघडलं असतं. मी मात्र हातातलं काम टाकून भिंतीला टेकून उभी राहते.

हे लिहून झालं की कागद दाराखालून सरकवून द्यायचा, असं ठरवून बसले होते. चपलांचा आवाज मघाशीच येऊन गेला. कागदाचं टोक मी फटीत घातलंही होतं, पण ओढून परत घेतलं. तुमची आठवण रोज येते, बाबा, पण पलीकडून कुणी तो घेतला असता, तर मला ते सोसलं नसतं.