चालवणार कोण?

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण तो आता घरातलाच झालाय, त्याचं कुणी मनावर घेत नाही. तू चष्मा बदललास ते छान केलंस. तुझं अक्षर पुन्हा ओळीवर आलंय. मधली दोन पत्रं वाचताना मला वाटलं होतं, शाळेतून निवृत्त झाल्याचा राग तू शाईवर काढतेयस.

माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, नवा पडदा लावलास, महिनाअखेरीस सुतार येऊन माझ्या पुस्तकांसाठी फळ्या ठोकणार आहे, हे सगळं वाचलं. दोनदा वाचलं. फळ्यांमध्ये किती अंतर ठेवायचं असं तू विचारलंयस. त्याचं उत्तर देते, पण आधी इकडची बातमी.

नाट्यगृहाला नवा व्यवस्थापक आलाय. त्याच्या बाल्कनीतल्या सगळ्या खुर्च्या वेताच्या आहेत आणि निम्म्यांचा वेत खाली लोंबायला लागलाय. त्याला त्या थोड्याथोड्या करून सगळ्या नव्याने विणून हव्यात. वर्षभराचं काम आहे. अट एकच. खुर्च्या न्यायच्या आणि आणायच्या मी, आणि शनिवारच्या खेळाआधी त्या जागेवर असल्या पाहिजेत. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचार करून महिनाअखेर सांगते म्हटलं.

तुला टेंपोवाला आठवतो का, ज्याचं नाव आम्ही 'येतोच' ठेवलं होतं? फोन केला की 'येतोच' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उगवतो. तुझे भावजी गेल्यापासून माझा सगळा धंदा त्याच्या त्या एका शब्दावर चाललाय. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या खुर्च्या पोचवायच्या होत्या. वेत भिजवून विणावा लागतो, मग तो वाळता वाळता ताणला जातो आणि ढोलासारखा वाजायला लागतो, हे तू लहानपणापासून बघत आलीस. त्या आधी माझ्या घरी वाळायला हव्या होत्या. येतोच नेमका त्या दिवशी लवकर उगवला, त्याने ओल्याच खुर्च्या रचल्या आणि त्यांच्या बैठकींवरून दोरी आवळली. प्रत्येक खुर्चीच्या मधोमध खोल घळ. सगळ्या उसवून पुन्हा विणल्या. तो म्हणाला, दोरी कुठेतरी बांधायलाच लागते की. त्याच्याशी काय बोलणार? मी वेताचं टोक दातात धरलं होतं म्हणून वाचला.

तर मी गाडीचा विचार करतेय. स्वतःच्या. पलीकडच्या रस्त्यावर रोपवाटिका आहे, तिथल्या मालकाची पिकअप विकायची आहे. डिझेलची. जुनी आहे. तीन लाख चाळीस हजार किलोमीटर चाललीय. मी वाचनालयातलं आकाशाबद्दलचं पुस्तक काढून पाहिलं, चंद्र इथून जेवढा लांब आहे, ही गाडी जवळजवळ तिथपर्यंत जाऊन आलीय. जाऊन आलीय म्हणजे गेलीय. येणं बाकी आहे.

हसू नकोस. परवाना आहे माझ्याकडे. भावजींनी मैदानावर शिकवलं तेव्हा तू मागे बसली होतीस आणि पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होतेस. त्यानंतर मोठ्या रस्त्यावर मी कधी चालवली नाही हे खरं. गरजच पडली नाही, चालवायला ते होते.

फळ्यांचं पुढच्या पत्रात.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं रागाचं पत्र मिळालं. राग मुद्देसूद आहे, तुझ्या शिकवण्यासारखा. पहिला मुद्दा, गाडी म्हातारी आहे. दुसरा, मी पण आहे. तिसरा, दोघी मिळून रस्त्यात बंद पडलो तर कोण येणार? चौथा मुद्दा तू लिहून खोडलायस, पण उजेडासमोर धरला तर वाचता येतो. तो मी वाचला नाही असं समजू.

पहिल्या मुद्द्यासाठी मी गॅरेजवाल्याला बरोबर नेलं. आमच्या विकून टाकलेल्या जुन्या गाडीची सगळी दुखणी त्यानेच काढली होती. इंजिनाला पेचकसाचं टोक लावतो आणि मूठ कानाला लावून ऐकतो, म्हणून भावजी त्याला वैद्य म्हणायचे. आम्ही पोचलो तेव्हा रोपवाटिकेचा मालक दारातच उभा होता आणि गाडी चालू होती. तुमच्यासाठी तयार ठेवली म्हणाला. वैद्याने बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बॉनेट चांगलं तापलं होतं. मग तो मालकाशी हवापाण्यावर बोलला, गुलाबांची चौकशी केली, आणि आम्ही काही न पाहता परत आलो. वाटेत म्हणाला, वहिनी, गरम गाडी पाहुण्यांसारखी गोड बोलते. थंड असताना भेटू.

दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता गेलो. मालक बनियनवर, तोंडात दात घासायचा ब्रश. किल्ली मात्र लगेच काढून दिली, म्हणजे माणूस वाईट नाही. थंड डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत वैद्य थांबला, मग किल्ली फिरवली. दुसऱ्या फिरवण्याला गाडी उठली. थोडा पांढरा धूर टाकला आणि मिनिटभरात साफ झाली. निळा धूर आला नाही. निळा आला असता तर ती तेल पिते असं समजायचं. मग त्याने इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. तिथून धूर फुसफुसत आला की आत झीज झाली म्हणायचं. हिचा जरासाच आला, माझा जिना चढल्यावर येतो तेवढा.

आता माझी पाळी. भावजींचा नियम तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईकाने खुर्ची पुढे केली की आधी ती उलटी करायची, मग तोंड उघडायचं. वरून सगळ्याच खुर्च्या बऱ्या दिसतात. गाडी काही उलटी करता येत नाही, म्हणून मी गोणपाट अंथरलं आणि खाली शिरले. मालकाचा ब्रश तोंडातच राहिला. मागच्या हौद्याच्या तळाला गंज होता. कुंड्यांचं पाणी रोज ठिबकून पत्रा खाल्ला होता आणि वरून त्याने रबराची चटई टाकली होती. एका जागी माझं बोट आरपार गेलं. पण खालची मुख्य चौकट धड होती. तिच्यावर मी हातोडीने टकटक करत गेले, आवाज कुठेच बद्द आला नाही.

बाहेर आल्यावर बैठकीची खोळ वर करून पाहिली. सवयीने. माणूस कसा बसतो ते बैठक लपवत नाही. चालवणाऱ्याची बाजू पार दबली होती, डावीकडे जास्त. शेजारची जागा मात्र फुगीर, जवळजवळ नवी. मी मालकाला विचारलं, शेजारी कुणी बसत नव्हतं का? तो म्हणाला, रोपं बसायची, त्यांचं वजन ते काय. म्हणजे एवढे किलोमीटर त्याने एकट्यानेच काढले. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला नाही, बैठक साक्षीला आहे.

वैद्याचं म्हणणं पडलं, क्लच बदलावा लागेल, हौद्याला नवा पत्रा मारावा लागेल, बाकी गाडी खणखणीत आहे. तुझा तिसरा मुद्दाही मी त्याला सांगितला. म्हणाला, धाकट्या बाईंना कळवा, रस्त्यात बंद पडली तर मी येईन. मी त्याला चंद्राचं अंतर सांगितलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "तिची परत यायची तयारी आहे, वहिनी. तुमची आहे का?"

चालवून पाहायची राहिली. उशीर झाला होता.

फळ्यांचं लिहायचं विसरत नाहीये. सुताराला थोडं थांबव.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पकडलंसच. सकाळी तो माणूस दात घासत असताना गेले, तर उशीर कसला झाला? एवढंच एक वाक्य लिहून तू पत्र संपवलंस. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला पत्र लिहिताना मी सांभाळून लिहायला हवं होतं.

सांगते.

वैद्याने बॉनेट बंद केलं आणि म्हणाला, चला, एक फेरी मारून बघा. मी दार उघडलं आणि आत बसले. पट्टा लावला. पिशवी मांडीवर घेतली. समोरच्या काचेवर पाखरांनी घाण केली होती, ती पुसायला हवी असं मनात आलं. आणि मी बसून राहिले.

बराच वेळ झाला तरी गाडी हलेना. खिडकीतून पाहिलं तर मालक किल्ली हातात धरून माझ्याच बाजूला उभा होता. त्याने वाकून अगदी हळू विचारलं,

"बाई, चालवणार कोण?"

धाकटे, मी शेजारच्या जागेवर बसले होते. त्या फुगीर, नव्या जागेवर. पिशवी मांडीवर घेऊन वाट बघत होते. पुढून वळसा घालून ते येतील, टायरला एक लाथ मारतील, बसताना हुश्श करतील, मग आपण निघू. मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. ते नाहीत हे मला माहीत आहे, रोज माहीत असतं. उठताना, चहा एकाचा टाकताना, वेत एकटीने ओढताना. पण पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आपले त्या बाजूला गेले.

मी म्हटलं, उशीर होतोय, नंतर येते. वैद्याला सगळं कळलं. तो मला घरापर्यंत सोडायला आला. दारात फक्त म्हणाला, गाडी मी आठवडाभर अडवून ठेवतो, दुसऱ्या कुणाला देऊ नको सांगतो.

मी घरी येऊन पुस्तकं बांधायला घेतली. हे तुला आज सांगते. खरोखर घेतली. सुतळी काढली, खालच्या फळीवरची उतरवली. खालच्या फळीवर तुझी शाळेची पुस्तकं आहेत. तू एकेक वर्ग वर चढायचीस आणि तुझं मागचं पुस्तक माझ्याकडे यायचं. तू धाकटी, पण पुस्तकं तुझ्याकडून मोठीकडे. तू शाळेतून येईपर्यंत मी खुर्च्यांना पॉलिश मारत बसायचे आणि तू आलीस की तुझ्या दप्तराला हात घालायचे. मला कुणी शिकवलं नाही असं लोक म्हणतात, मीही म्हणते. तसं नाहीये. समासात तू पेन्सिलीने माझ्यासाठी लिहून ठेवायचीस, 'ताई, हे अवघड आहे, पण दोनदा वाच.' भूगोलाच्या पुस्तकात अजून आहे ते.

मी सुतळी ठेवून दिली.

परवा एकटीच गेले. वैद्याला मुद्दाम सांगितलं नाही, तो जवळ असता तर मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले असते. मालकाने किल्ली दिली आणि यावेळी काही विचारलं नाही. मी गाडीच्या पुढून वळसा घातला. टायरला लाथ मारली, गुडघा बोंबलला. दार उघडून दबलेल्या बाजूला बसले. तो खळगा माझ्या मापाचा नाही, मी त्यात कलंडले. पाठीमागे उशी घेतली, बैठक पुढे सरकवली. दिवा विझेपर्यंत थांबले, किल्ली फिरवली.

दोनदा बंद पाडली. मागचा बसवाला असा भोंगा वाजवत होता की सगळी गल्ली गॅलरीत आली. तिसऱ्यांदा निघाली. क्लच खरंच गेलेला आहे, चढावर गाडी नुसती ओरडते. मी मोठ्या रस्त्याला लागले. नाट्यगृहावरून गेले, दवाखान्यावरून गेले, पुलाच्या टोकाला जाऊन वळवून आणली. वळवायला किती वेळ लागला ते विचारू नकोस. पूर्ण वाटेत मी रडले नाही, कारण आरशात बघायचं होतं. एक आरसा डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. त्यात कुणाला सवड मिळते?

गाडी घेतली, धाकटे. व्यवस्थापकाला हो सांगितलं. वैद्य क्लच बदलतोय आणि पत्रा मारतोय. गाडीखालून तो सारखा हसून विचारतो, वहिनी, परतीचं डिझेल भरलं का?

आता फळ्या. सुताराला सांग, नकोत. मी तुझ्याकडे राहायला येत नाही.

हे वाक्य मी तीन पत्रं लांबवलं. मला माहीत आहे, वाचून तू पत्र घडी करून ठेवशील आणि भांडी घासायला जाशील. थांब, पूर्ण वाच. तू प्रत्येक वेळी लिहितेस, ताई, तुझ्यासाठी बोलावतेय, तुला एकटं वाटत असेल. तो चौथा मुद्दा, खोडलेला, मी वाचला आहे. 'आणि मला.' एवढेच दोन शब्द. ते खोडायला नको होते.

तुझ्या खोलीत मी नीट राहिले असते. तू मला काही कमी पडू दिलं नसतंस. पण मी पुन्हा पिशवी मांडीवर घेऊन बसले असते, कुणीतरी येऊन गाडी काढेल म्हणून. तुझ्या घरी बसायचं की ह्यांच्या आठवणीत बसायचं, बसणं तेच. माझे हात अजून चांगले आहेत. वेत अजून माझं ऐकतो.

येत्या रविवारी मी येते. पत्राचं उत्तर देऊ नकोस, मी तुझ्या उत्तराच्या आधी पोचेन. तुझ्या जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्या मागच्या वेळी उलट्या करून पाहिल्या होत्या, तू आत चहा करत होतीस तेव्हा. तीन धड आहेत, कारण त्यांच्यावर कुणी बसत नाही. एक फाटायला आलीय. चारही गाडीत टाकू आणि तूही चल. आठ दिवस राहा. विणताना मला पलीकडून वेत ओढणारं माणूस लागतं, ते मला अजून मिळालेलं नाही. आवडलं तर पुढचे आठ दिवस राहा. तुझी खोली तुझीच असू दे, माझी माझी. मधे रस्ता आहे, आणि आता गाडी आहे.

शेजारची जागा पुसून ठेवली आहे. यावेळी डोळे उघडे ठेव.

चालवणारी,
तुझी ताई