खुर्चीत नसलेली आई

प्रिय शेंडेफळ,

फोनवर मी हसून वेळ मारून नेते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहितेय.

मी फोटोग्राफीचा क्लास लावला तेव्हा ‘या वयात हे काय नवीन खूळ’ म्हणून तू माझी यथेच्छ टिंगल केली होतीस. तर या खुळाला कन्सेप्चुअल फोटोग्राफी म्हणतात. दिसेल ते टिपायचं नाही. आधी मनात एक कल्पना धरायची, मग तिच्यासाठी वस्तू मांडायच्या, उजेड जमवायचा आणि फोटो काढायचा. सरांनी पहिलाच विषय दिला ‘उणीव’. अट अशी, की फोटोत माणूस नको. आठवडाभर मी रिकामे कप न् तडकलेले आरसे मांडत बसले, सगळं नाटकी वाटायचं. मग आईची खिडकीजवळची खुर्ची दिसली. पाठीवर तिची शाल टाकली, बैठकीवर चष्मा ठेवला, खाली सपाता. आईला वाटलं, फोटो तिचाच निघणार. बाई चक्क केस विंचरून, पावडर लावून आली. मी तिला बाजूला उभं केलं आणि खुर्चीवर उजेड पाडायला हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता दिला. दुखऱ्या गुडघ्यांनी ती कितीतरी वेळ उभी होती, अनवाणी, चष्म्याशिवाय. वर मलाच विचारत होती, उजेड पुरतोय ना?

फोटो खरंच छान आला. वर्गात सगळे गप्प झाले. सरांनी हळूच विचारलं, आई कधी गेल्या? आणि मी, अगं, मी नुसती मान खाली घातली. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या कामापुढे असं कुणी आजवर स्तब्ध झालं नव्हतं, ते मोडवेना. फोटो प्रदर्शनासाठी निवडला गेला आणि माझं तोंड बंदच राहिलं. लाज वाटते मला.

परवा वर्गातली एक मैत्रीण फुलं घेऊन भेटायला आली. दार आईने उघडलं. ताईंची आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं, तुम्ही मावशी का, असं ती दारातच म्हणाली. मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकू येत होतं, तरी बाहेर आले नाही. आई म्हणाली, हो, मावशीच. मग तिने चहा केला, फुलं पाण्यात ठेवली. आई कशा होत्या हो, असं त्या मुलीने विचारल्यावर म्हणाली, चारचौघींसारखीच, पण लेकींवर फार जीव होता तिचा.

मैत्रीण गेल्यावर आई मला एका शब्दाने बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी मी सरांना खरं सांगितलं, फोटो मागे घेतला. आईची माफी मागितली. ‘बरं’ म्हणाली आणि बॅग भरायला घेतली.

उद्या ती तुझ्याकडे येतेय. इकडचे जिने झेपत नाहीत, असं सांगेल. ते खरं मानू नकोस, म्हणून हे पत्र तिच्याच पिशवीत ठेवतेय. तिला थांबवायला मला तोंड उरलेलं नाही. माझं एक काम कर. तिचा एक साधा फोटो काढून पाठव, समोर बघणारा. इतके महिने कॅमेरा गळ्यात घालून हिंडतेय, आज शोधला तर त्यात तिचा एकही नाही. कुणासाठी काढतेस, ते मात्र तिला सांगू नकोस.

तुझीच,
ताई