पुडिंगच्या वाटीतली वाळू

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

माशांसाठी चार फुटी टाकी – काच मी चिकटवली. स्टँड मी वेल्ड केला, पोलोग्राउंडच्या कारखान्यांकडून पाइप आणून. खालची फिल्टरची टाकी, वरचे दिवे, झाकण – मीच. समुद्राचं पाणी मीठ मोजून मीच बनवलं. आणि तळाची वाळू! तीस किलो प्रवाळाची वाळू नोव्हेंबरात वसुधाच्या पिठाच्या चाळणीतून दोनदा धुऊन चाळली. धुळीचा कण नाही. दुकानदार पिशवी फाडून ओततात आणि स्वतःला एक्स्पर्ट म्हणवतात. छान.

कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर यशवर्धन पुढच्या रविवारी टाकी बघायला येणार. क्लिनिकसाठी विकत हवीय. सांवेर रोडच्या कारखान्यांत सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मशिनी चालवून दिल्या. माझं नाव कुठल्याच मशीनवर नाही. एकदा तरी माझ्या हातच्या वस्तूला कोणी किंमत लावावी. बस.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मुंबईहून विमानाने रॅस आला. ठिपक्यांचा, बोटाएवढा मासा. दिवे मंदावले की हा वाळूत शिरून झोपतो. म्हणून तर तळाला तीन इंच थर दिला. फोरमवरचे पंडित लिहितात, याला वाळू अगदी बारीक लागते. त्यांनी कधी चाळलीय?

७ फेब्रुवारी, बुधवार

शिरत नाही. तोंड आपटतो, मागे फिरतो. नखरे!

८ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यात आडवा पडलाय. ओठ सोललेला, कुशीवर ओरखडे. वसुधा बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही त्याचं अंथरूणच चाळून काढलंत."

मी तिला दाण्याचा आकार, पाण्याचा वेग, सगळं समजावलं. पाऊण तास. तिने ऐकून घेतलं. "बरं. पण तो झोपणार कुठे?"

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो – पीठ चाळलं की खाली पडतं ते ठेवतात. मी वरचं ठेवलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी बारीक वाळू यायला पाच दिवस. मासा दोन दिवस काढेल असं वाटत नाही.

दुपारी वसुधा गॅलरीतून तेलाचा जुना डबा घेऊन आली. आत माझी चाळणीखालची धूळ! नोव्हेंबरात ही ती कचरागाडीवर टाकायला गेली, तर गाडीवाला विचारतो, "दीदी, ये गीला है कि सूखा?" धुतलेली ओली रेत – हिला सांगता येईना, त्याने घेतली नाही. देशभर स्वच्छतेचा डंका पिटणारं आमचं शहर, आणि माझी धूळ त्यांच्या एकाही खान्यात बसेना. त्या माणसाला बढती द्या कोणी.

सगळी ओतली तर पाण्याचं दूध होणार. भांड्यात भरून तळाशी ठेवायचं ठरलं. तिने स्टीलचं पातेलं पुढे केलं. खाऱ्या पाण्यात गंजेल, म्हटलं. एवढं तरी मला कळतं. मग लग्नातल्या पुडिंग सेटमधली मोठी काचेची वाटी निघाली. बावीस वर्षं एकाही पाहुण्याच्या नशिबी न आलेली.

टाकीच्या मधोमध वाटी. भिकार दिसते.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मासा कुठेच नाही. दिवे लागून तास झाला, तेव्हा वाटीतली वाळू हलली आणि सोललेला ओठ वर आला.

वसुधाने येऊन बघितलं. नुसता चहा ठेवला. हे जास्त लागलं.

११ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर आले. अनोळखी माणूस बघताच मासा सरळ वाटीत. ते अर्धा तास बसून बघत होते. "अच्युतजी, कमाल आहे! एक लाख नव्वद देतो, तुमच्या नावाची पितळी पट्टी लावू खाली. बस, ती कटोरी आणि सगळी रेत काढून टाका – तळ कोरा असला की पुसायला सोपा."

नाही म्हटलं. एक लाख नव्वद हजारांना, पट्टीसकट.